निरंकसुद्धा लिहा

(रौप्यमहोत्सवी समारंभात सोसायटीच्या गच्चीवर झालेले भाषण. स्मरणिकेसाठी स्वतः वक्त्यांनी लिहून दिले आहे.)



सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं होतं, "काका, जुन्या आठवणी सांगा, दहा-पंधरा मिनिटं." आठवणी सांगणारे माझ्यापेक्षा रंगतदार वक्ते इथे आहेत. लिफ्ट नव्हती तेव्हाचे दिवस, पहिला गणपती, हे सगळं बी विंगमधल्या वहिनींनी आत्ताच सांगितलं. मी आज एका वहीबद्दल बोलणार आहे. वही माझी आहे आणि तिच्यातली चूकही माझीच आहे. ती चूक सांगून टाकतो, मग पुढचं बोलायला मोकळा होतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की २०१६ च्या पावसाळ्यापासून मी गच्चीवर पाऊस मोजतो. निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग हवा, म्हणून सुरुवात झाली. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, की नरसाळं तयार. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून खुणेपर्यंत आधीच पाणी भरायचं आणि ती खूण शून्य धरायची. बाहेरून पट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, लिहायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं. साडेआठच का? कारण आपलं हवामान खातंही सकाळी साडेआठला मोजतं, आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितं. वेळ एक असली तरच आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

२०२३ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बोअरचा विषय निघाला, आठवत असेल. बोअरचं पाणी कमी झालंय, नवीन खोल बोअर घ्यावी असा ठराव होता. खर्च काही लाखांचा. कोणी म्हणालं, शेजारच्या बांधकामामुळे पाणी गेलं. कोणी म्हणालं, पाऊसच कमी झाला. कोणी म्हणालं, आपलं पावसाचं पाणी जिरवायचं काम निव्वळ कागदावर आहे. आवाज चढले. त्या वेळी मी माझी वही उघडली आणि ठासून सांगितलं, की २०१९ साली इतका पाऊस झाला, अमुक साली तितका, तेव्हा पावसाचा आणि बोअरचा संबंध असा असा आहे. वही बघून सभा शांत झाली. लिहिलेल्या आकड्याचा दरारा असतो, हे मी ३६ वर्षं बँकेत पाहिलंय.

सभेनंतर ए विंगमधली नववीतली एक मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी माझी वही उतरवून घ्यायला आली. दोन आठवड्यांनी परत आली आणि जरा बिचकतच म्हणाली, "आजोबा, एक विचारू? तुमचे सगळे आकडे पूर्ण आहेत. १२, ७, ३१ असे. पण २०१९ च्या जुलैत १२ दिवस पॉइंटवाले आकडे आहेत. तुमच्या पट्टीवर पॉइंट कुठे आहेत?"

मंडळी, मी शाखा तपासणीचं काम केलेलं आहे. एकाच शाईने, एकाच दमात भरलेलं रजिस्टर मी लांबून ओळखत असे. आणि माझ्याच रजिस्टरमध्ये तेच एका चौदा वर्षांच्या पोरीने पकडलं. झालं होतं असं, की आमच्या हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आम्ही १२ दिवस मुलीकडे ठाण्याला होतो. परत आल्यावर वहीतल्या रिकाम्या रेघा मला बघवेनात. मग वर्तमानपत्रात आलेले शिवाजीनगर वेधशाळेचे आकडे मी त्यात भरून टाकले. आता शिवाजीनगर कुठे आणि आपला सिंहगड रस्ता कुठे! डेक्कनला कोसळत असतो आणि आपल्याकडे कपडे वाळत असतात, हे आपण रोज बघतो. आणि त्याच वर्षाच्या बेरजेवर मी सभेत छाती काढून बोललो होतो.

दुसऱ्याच दिवशी मी कमिटीला पत्र दिलं, की माझं सभेतलं विधान मी मागे घेतो. ते १२ आकडे लाल शाईने एका रेघेने खोडले, शेजारी कारण लिहिलं, सही केली. व्हाइटनर लावला नाही. खालचा आकडा दिसला पाहिजे, हा बँकेचा नियम आहे आणि विज्ञानाचाही तोच आहे.

आता या गोष्टीवरून मला जे सांगायचंय त्याकडे येतो. सरकारी कचेरीत आणि बँकेत एक सुंदर शब्द आहे, 'निरंक'. महिन्याचा अहवाल पाठवायचा असतो. सांगण्यासारखं काही घडलं नसेल तरी कागद पाठवायचा आणि त्यावर 'निरंक' लिहायचं. नवीन लागलेली मुलं हसायची, काही नाहीच तर पाठवायचं कशाला? अहो, 'निरंक' म्हणजे मी पाहिलं आणि काही नव्हतं. रिकामी जागा म्हणजे मी पाहिलंच नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि रिकाम्या जागी अंदाजाने आकडा भरणं हे तर तिसरंच, ते सगळ्यात वाईट. मी ते तिसरं केलं होतं.

तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य माणसांनी ठरलेल्या पद्धतीने नोंदी करायच्या आणि त्यातून खरं विज्ञान घडवायचं, याला सिटिझन सायन्स म्हणतात. मराठीत नागरिक विज्ञान म्हणू या. हे काही कालचं खूळ नाही. अमेरिकेत १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने शिकारीऐवजी पक्षी मोजायची कल्पना काढली. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी मिळून २७ माणसं होती. ती मोजणी आजही दर वर्षी चालते.

पावसाचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं शहर आहे. २८ जुलै १९९७ ला तिथे मोठा पूर आला. शहराच्या एका भागात काही तासांत फूटभराहून जास्त पाऊस झाला आणि त्याच शहराच्या दुसऱ्या भागात बेताचाच. सरकारी मापकं मोजकीच, त्यांना हा फरक कळणार कसा? म्हणून १९९८ मध्ये तिथल्या हवामानतज्ज्ञांनी लोकांनाच मापकं घेऊन अंगणात बसवायला लावली. चार इंच व्यासाचं एकाच प्रकारचं मापक सगळ्यांना. आधी प्रशिक्षण, मग नोंद. आज ते जाळं अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आणि कॅनडातही आहे. आणि ही मंडळी स्वयंसेवकांना सारखी सांगत असतात, की पाऊस पडला नाही तर शून्य कळवा. दुष्काळ ओळखायला शून्यच लागतात. तिथेही निरंक आहेच!

आपल्या देशातलं सांगतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' नावाचा अहवाल २०२० साली आणि मग २०२३ साली निघाला. २०२३ च्या अहवालामागे ३० हजारांहून जास्त पक्षी बघणाऱ्यांनी केलेल्या ३ कोटी नोंदी आहेत, आणि ९४२ जातींचा विचार त्यात आहे. चिमण्या नाहीशा झाल्या असं आपण सगळे म्हणतो. २०२० च्या अहवालाने सांगितलं, की देशभराचा विचार केला तर चिमणी साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र ती कमी झाली आहे. घरच्या अनुभवावर हे कधी कळलं नसतं. यातली पद्धत बघण्यासारखी आहे. निदान १५ मिनिटं बघायचं आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळा-कबुतरसुद्धा. फक्त आवडलेला खंड्या लिहायचा नाही. सगळे लिहिले की यादीत जो नाही तो दिसला नाही, हेही आपोआप नोंदलं जातं.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं हिवरे बाजार तर आपल्याला माहीत आहे. कमी पावसाचं गाव. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, त्यावरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि यंदा कोणतं पीक झेपेल हे ग्रामसभेत ठरवतात. ताळेबंद हा शब्द ऐकून माझ्यासारख्याला बरं वाटणारच. पण बघा, गाव आधी मोजतं आणि मग बोलतं. आपण सभेत आधी बोललो आणि मग मोजायला निघालो.

बोअरचा ठराव आपण तेव्हा पुढे ढकलला आणि नोंदी करायचं ठरवलं. तो अनुभव सांगतो, कारण इतर कोणाला असं काही सुरू करायचं असेल तर उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एका लेखात असे प्रकल्प चालवायच्या नऊ पायऱ्या सांगितल्या आहेत. थोडक्यात अशा: प्रश्न ठरवा, गट जमवा, पद्धत आणि तक्ते तयार करून ते आधी तपासून पाहा, माणसं गोळा करा, त्यांना शिकवा, आलेल्या नोंदी तपासून सगळ्यांसमोर मांडा, त्यांचा अर्थ लावा, निष्कर्ष लोकांना सांगा, आणि शेवटी आपण काय साधलं ते मोजा. नातवाने इंटरनेटवरून काढून दिला तो लेख. वाचल्यावर लक्षात आलं, माणसं गोळा करणं ही चौथी पायरी आहे. आपल्याकडे ती पहिली असते. आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, मग विचारतात, करायचं काय?

म्हणून आम्ही आधी प्रश्न लिहिला. 'पाणी वाचवा' हा प्रश्न नाही, ती पाटी झाली. आमचा प्रश्न होता, गच्चीवर पडलेलं पाणी शोषखड्ड्यापर्यंत पोचतं का, आणि बोअरची पातळी वर्षभरात कशी बदलते? त्यातून तीन रकाने निघाले. पाऊस रोज, दोन्ही विंगच्या शोषखड्ड्यांच्या चेंबरमधलं पाणी पावसाच्या दिवशी, आणि बोअरची पातळी दर रविवारी.

मग शिकवणी. पहिल्या रविवारी याच गच्चीवर पाच जणांनी एकच बाटली वाचली. मोठ्याने सांगायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या उघडल्या तर आकडे निघाले ११, १२, १२, १३ आणि १७! सतरावाले गृहस्थ उभ्याने वरून बघत होते. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आणि पाण्याची कड बाटलीला चढलेली असते ती न धरता मधला खोलगट भाग वाचायचा, हे सांगितल्यावर पुढच्या खेपेला सगळे १२ वर आले. कोणी कोणाला चुकलं म्हणालं नाही. प्रशिक्षण म्हणजे मोठी व्याख्यानं नकोत, एकच वस्तू सगळ्यांनी मोजायची आणि चिठ्ठ्या ताडून बघायच्या. दर तीन महिन्यांनी आम्ही हे परत करतो, कारण सवय झाली की डोळा पुन्हा वरून बघायला लागतो.

बाटलीची जागाही तेव्हाच बदलली. मी ती कठड्याजवळ ठेवत होतो, सोयीची म्हणून. कठडा, टाकी यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवायला हवी, नाहीतर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस अडतो. म्हणजे माझे जुने आकडे थोडे कमीच असणार. तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

बोअरचं वेगळं. प्लंबरकडून झाकणाला टोपणाचं छोटं भोक करून घेतलं. पंप रात्रभर बंद असतो, तेव्हा सकाळी पंप सुरू होण्याआधीच मोजायचं, आणि नेहमी झाकणाच्या त्याच खुणेपासून. मोठ्या माणसाशिवाय मुलांनी तिकडे जायचं नाही. आणि एक गंमत, इथे आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं! पहिल्या महिन्यात दोघा सुशिक्षित माणसांनी आनंदाने सांगितलं, की पाणी वाढलंय. आता तक्त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा विहिरी मोजतं. आपण एकच बोअर दर आठवड्याला मोजतो, तेव्हा आपल्या अंगणापुरतं आपल्याला जास्त बारीक कळायला हवं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी बाटलीत ४१ मि.मी. पाऊस निघाला. चेंबर बघायची पाळी सातवीतल्या एका मुलाची होती. ए विंगच्या चेंबरमध्ये काठी घातली, पाणी होतं. बी विंगच्या चेंबरमध्ये काहीच नाही. तो बराच वेळ तक्ता हातात धरून उभा राहिला. मला म्हणाला, "आजोबा, माझंच काहीतरी चुकलं असेल. इथे काय लिहू? ए विंगचाच आकडा लिहू का?" मी त्याला माझ्या १२ दिवसांची गोष्ट सांगितली. म्हटलं, बाळा, दिसलं ते लिही. त्याने लिहिलं, शून्य. पुढच्या चार पावसाच्या दिवशीही वेगवेगळ्या माणसांनी तिथे शून्यच लिहिलं.

पाच शून्यं झाल्यावर कमिटीने प्लंबर बोलावला. तेव्हा कळलं, की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी बी विंगचा पाइप काढला होता तो परत जोडायचाच राहिला. पाणी थेट गटारात जात होतं. ते काम होऊन सहा वर्षं झाली! कोणाला दोष देत नाही, आपणही सगळे खालून रोज ये-जा करत होतो. पण हिशेब ऐका. एक चौरस मीटरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बी विंगची गच्ची ४५० चौरस मीटर. पुण्याचा पाऊस साधारण ७०० मि.मी. धरला तर वर्षाला ३ लाख १५ हजार लिटर. दहा हजारांच्या टँकरने मोजा, ३१ टँकर. सगळं काही जिरत नाही, थोडं उडतं, थोडं वाहतं. तरी निम्मं धरा. उन्हाळ्यात आपण टँकरला पैसे मोजत होतो आणि पावसाळ्यात तेच पाणी गटारात सोडत होतो.

पाइप जोडायला दीड हजार रुपये लागले.

आता लगेच कोणी म्हणेल, म्हणजे नवीन बोअर नकोच. मी तसं म्हणत नाही. एकदा जीभ पोळली आहे. पाइप जोडल्याला एकच पावसाळा झालाय. बोअरची पातळी सुधारली तर ती पाइपमुळे की पाऊस चांगला झाला म्हणून, हे सांगायला निदान आणखी दोन-तीन वर्षांच्या नोंदी हव्यात. शेजारच्या बांधकामाबद्दल तर आपली वही काहीच सांगू शकत नाही. जे मोजलं नाही त्याबद्दल वहीच्या नावाने बोलायचं नाही. एवढं मात्र नक्की, की पुढच्या सभेत आवाज चढवण्याआधी बघायला एक कागद असेल.

चालू ठेवणं हेच कठीण असतं. सुरुवातीला २३ नावं होती, दिवाळीनंतर ९ राहिली. म्हणून चार गोष्टी केल्या. एक, प्रत्येक दिवसाला एक माणूस आणि एक बदली माणूस. दोन, जमलं नाही तर रकान्यात 'पाहिलं नाही' लिहायचं. त्याची लाज नाही, त्याबद्दल कोणी विचारणारही नाही. तीन, महिन्यातून एकदा भलत्याच माणसाने अचानक मोजून ताडून बघायचं, जशी बँकेत कॅश अचानक मोजतात. आणि चार, दर महिन्याचा तक्ता लिफ्टशेजारी लावायचा, मोजणाऱ्यांच्या नावांसह. लोकांकडून नुसत्या नोंदी घेतल्या आणि त्यांचं पुढे काय झालं हे सांगितलं नाही, तर लोक कंटाळतात. तक्ता लावायला लागल्यावर नावं १४ झाली. त्यात ज्या वहिनी कधी सभेलाही येत नसत त्या आज सगळ्यात नियमित आहेत.

मुलांसाठी आणखी सांगतो. आपल्या फाटकाजवळचा बहावा आहे ना, तसं एखादं झाड धरून दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं नोंदवायचा 'सीझनवॉच' नावाचा देशभरातला उपक्रम २०१० पासून चालतो. आणि फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, भारत त्यात २०१३ पासून आहे. गच्चीत १५ मिनिटं बसलं तरी चालतं. सुट्टीत मोबाइल हातात असतोच, तो थोडा इकडे वळवा.

माझं वय आता सत्तरीच्या पुढे. जिने चढताना गुडघे बोलतात. पुढच्या पावसाळ्यापासून मुख्य वही मी त्या मुलीकडे देतोय, जिने माझे पॉइंट पकडले. ती आता अकरावीत आहे. तिच्या आईने विचारलं, अभ्यासाचं काय? म्हटलं, सकाळची पाच मिनिटं. आणि परीक्षेच्या दिवसांत तिने बिनदिक्कत 'पाहिलं नाही' लिहावं.

वही आज खाली ऑफिसच्या टेबलावर ठेवली आहे. २०१९ चा जुलै मुद्दाम उघडा ठेवलाय, लाल रेघांसकट. बघून जा. शेजारी पुढच्या वर्षाच्या पाळ्यांचा कागद आहे, मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत.